आत्याबाईंनी चाखलेला साबण

आत्याबाईंनी वडी तोंडाजवळ नेली, जिभेचं टोक तिला लावलं, डोळे मिटले आणि जरा थांबून म्हणाल्या, "पास."

मग दुसरी. "पास." तिसरी त्यांनी फळीच्या पार मागच्या कोपऱ्यातली उचलली, चौथी मधली. चारही पास झाल्या. पदराने तोंड पुसून त्या पडवीत तांदूळ निवडायला जाऊन बसल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "बांध आता. तान्ह्या पोरांच्या अंगाला लागायचा साबण हाय, कागुद चांगला घाल."

नऊ वर्षांपूर्वीचा चैत्रातला बुधवार, सकाळचे साडेदहा. आजऱ्याहून साडेतीनच्या कोल्हापूर गाडीने एकशे वीस वड्या जायच्या होत्या. कोल्हापुरात डॉक्टर मृणाल पोतनीस यांचं प्रसूतिगृह होतं. तिथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाला घरी जाताना त्या एक पेटी द्यायच्या. झबलं, टोपडं, दुपटं, आणि आता त्यात आमचा साबण. इतकी मोठी मागणी मला त्याआधी कधी आली नव्हती, आणि इतक्या नाजूक कातडीसाठी तर नव्हतीच. चार दिवसांच्या बाळाला काही टोचलं तर ते सांगणार कसं, या विचाराने मी पाच आठवडे धड झोपले नव्हते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई देसाई. साबण मी करायची आणि तो चाखायचं काम त्यांचं. हे ऐकून लोक हसतात, पण साबण सोड्याशिवाय होत नाही, मग तो कितीही नैसर्गिक म्हणून विका. हा सोडा म्हणजे कॉस्टिक, कातडी सोलणारा. तेल आणि सोडा बरोबर मापात पडले तर पाच आठवडे वाळता वाळता एकमेकांत जिरून जातात आणि साबण मऊसूत होतो. सोडा जास्त पडला तर वडी दिसायला तशीच गोरीगोमटी, पण अंगाला लावली की भाजते. ते ओळखायची रीत सोपी आहे. जीभ लावायची. चावली तर अख्खा घाणा, एका वेळी केलेला सगळा साबण, बाद.

आणि आत्याबाईंच्या जिभेची ख्याती पंचक्रोशीत होती. लग्नाकार्यात आचारी रश्श्याची वाटी आधी त्यांच्याकडे पाठवायचे. त्या एक बोट चाटून सांगायच्या, "मीठ चिमूटभर कमी, आणि खोबरं जरा जास्त भाजलंय." मामंजी गेल्यावर मात्र ही बाई पडवीच्या खांबाला टेकून नुसती बसून राहायला लागली. दिवसभर रस्त्याकडे बघायची. मी तेव्हा नुकतीच साबणाला लागले होते. एक दिवस वडी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आत्याबाई, जरा जीभ लावून सांगा." त्यांनी लावली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "हे इकलंस तर मार खाशील." तो घाणा मी फेकून दिला. त्या दिवसापासून आत्याबाई उठल्या.

पुढे प्रदर्शनं सुरू झाली. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, दिवाळीत पुणे. स्टॉलवर त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची. हिरवं इरकल, डोक्यावरून पदर. गिऱ्हाईक घुटमळलं की मी म्हणायची, "आत्याबाई, एकदा दाखवा की यांना." त्या वडी उचलून ऐटीत जीभ लावायच्या आणि म्हणायच्या, "जिभेला चालतं तेच अंगाला लावा." लोक फोटो काढायचे, बायका हसत हसत चार वड्या जास्त घ्यायच्या. वेष्टनावर मी छापूनच घेतलं, आत्याबाईंनी चाखलेला साबण. शेजारच्या स्टॉलवाल्यांचा जळफळाट व्हायचा, आणि तो बघून आम्ही दोघी खूश.

घरात मात्र हीच जीभ माझ्या मुळावर उठलेली होती. लग्न होऊन आले त्या दिवसापासून माझ्या आमटीत त्यांना मीठ कधी जास्त लागायचं, कधी कमी. "हिच्या हाताला मिठाचा अंदाजच न्हाई," हे वाक्य मी चौदा वर्षं ताटावर बसून ऐकलं. पाहुण्यांच्या देखतही ऐकलं. माझे यजमान रघुनाथ मुकाट्याने जेवायचे. आईच्या जिभेपुढे बोलायची त्यांची टाप नव्हती.

आणि मग, त्या चैत्राच्या आधीचे पाच-सहा महिने, काय झालं कोणास ठाऊक, आत्याबाई वळल्या. "छान झालीया आमटी." "आज भाजी झ्याक." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली पळी पडायची राहिली. मी बहिणीला फोन करून सांगितलं, "बाईंनी शेवटी हात टेकले बघ." माझा स्वयंपाक सुधारला, असंही मला वाटायला लागलं होतं. माणूस कौतुकावर किती लवकर विश्वास ठेवतो.

तर त्या बुधवारी मी वड्या बांधायला बसले. साठेक झाल्या असतील. एक वडी हातातून निसटून फरशीवर पडली आणि तिचा कोपरा फुटला. फुटकी वडी बाळाच्या पेटीत कशी घालणार? ती घरात वापरू म्हणून बाजूला ठेवली. जेवायच्या आधी हात धुवायला न्हाणीत गेले तेव्हा तीच हाताशी होती, तिनेच हात धुतले.

बोटांच्या बेचक्यात चुणचुणलं. वाटलं, सकाळी खोबरं खवताना लागलं असेल. पण चुणचूण वाढत गेली, आणि हात पुसून उजेडात धरले तेव्हा दोन्ही तळवे लाल झाले होते.

मी ती वडी जिभेला लावली.

लहानपणी आम्ही बॅटरीच्या सेलला जीभ लावायचो तसा झटका बसला, पण त्याहून कितीतरी जोरात. डोळ्यांत पाणी आलं. मी थुंकले, चूळ भरली, परत भरली. मग बांधलेल्या वड्यांपैकी एक सोडली. तीही चावली. फळीच्या दुसऱ्या टोकाची घेतली. तीही. एकशे वीसच्या एकशे वीस वड्या जहाल होत्या.

तो घाणा घातला त्या दिवशी सोडा मोजताना मी फोनवर बोलत होते, हे आठवलं. दोनदा ओतला की तेल कमी पडलं, ते आजही मला सांगता येणार नाही. पण चूक माझी होती हे तेव्हाच कळलं. कळलं नाही ते एवढंच, की आत्याबाईंनी त्या पास कशा केल्या?

मी वडी घेऊन पडवीत गेले. त्या सुपातले खडे वेचत होत्या.

"आत्याबाई, ह्या घाण्यातल्या वड्या नीट बघितल्या का?"

"बघितल्या की. चार बघितल्या, तुझ्यासमोरच. का गं?"

"आणखी एक बघा."

"आता? बरं. दे."

त्यांनी वडी घेतली. माझ्या आवाजात काहीतरी त्यांना जाणवलं असावं, कारण या वेळी नुसतं टोक नाही, सगळी जीभ त्यांनी वडीवर टेकवली. आणि ठेवली. मला तिथे अर्धा क्षण टिकता आलं नव्हतं. मी मनात एक, दोन, तीन मोजत होते. पाचापर्यंत गेले तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी वडी ओढूनच घेतली.

"पास," त्या म्हणाल्या.

खरं सांगते, पहिल्यांदा मला माझ्याच जिभेचा संशय आला. चौदा वर्षांची सवय. आत्याबाईंची जीभ चुकेल हे डोक्यात शिरतच नव्हतं. मी आत गेले आणि जे केलं त्याची लाज आजही वाटते. चहा टाकला. एका कपात साखर घातली, दुसऱ्यात साखरेऐवजी दोन चमचे मीठ. मिठाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसले.

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, पहिला घोट घेतला. मग दुसरा. मी बघत होते. बशी संपली, त्यांनी उरलेला चहा ओतला आणि तोही प्यायल्या.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"झ्याक. आलं घातलंस न्हवं?"

मी आलं घातलं नव्हतं.

समोर बसलेली बाई मला त्या क्षणी अनोळखी वाटली. "आत्याबाई," मी म्हटलं, "त्यात मीठ आहे."

त्यांनी बशी हळूच खाली ठेवली. बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिल्या. मग विचारलं, "किती?"

"दोन चमचे."

"दोन." सुपातला एक तांदूळ त्यांनी उचलला, निरखला आणि परत टाकला. "दिवाळीपास्नं कळंना झालंय. आधी गोड गेलं. मग मीठ. तिखाट तेवढं लागतं, ते बी घशाला."

"मग सांगायचं नाही?"

"सांगून?"

"अहो, सांगून म्हणजे? डॉक्टरकडे गेलो असतो."

"आणि मग मला स्टॉलवर, प्रदर्शनाला, कशाला न्हेलं असतंस तू?" आवाज चढलेला नव्हता. साधी विचारपूस करावी तसं त्या विचारत होत्या. "जीभच न्हाई म्हटल्यावर म्हातारीचं काय काम? परत बसली असती ह्या खांबाला टेकून."

मी विचारलं, "मग वड्या पास कशा करत होतात?"

"हातानं बघायची. वासानं. आणि तू करतीस ते नीटच करतीस की. तीन वर्सांत पयला एक सोडला तर तुझा घाणा कवा बिघडला? म्हटलं, शैलाचा हात हाय, चुकायचा न्हाई."

मी तिथेच भिंतीला टेकून बसले. त्यांची जीभ आहे म्हणून मी फोनवर बोलत सोडा मोजत होते. माझा हात आहे म्हणून त्या जीभ नसताना पास म्हणत होत्या. दोघींनी एकमेकींवर सोडलं होतं, आणि मधे कोल्हापुरात एकशे वीस बाळं आंघोळीला थांबली होती.

मग दुसरी भीती उभी राहिली. दिवाळीपासून गेलेला माल. तो कुणी तपासला होता? मी धावत आत गेले. प्रत्येक घाण्यातली एक वडी तारीख टाकून कपाटात ठेवायची माझी पद्धत आहे. दिवाळीपासूनच्या सतरा वड्या होत्या. खाली बसून मी एकेक जिभेला लावली. सतराव्या वडीपर्यंत माझी जीभ बधिर झाली होती, पण चावली एकही नाही. बिघडला होता तो हाच एक घाणा. आत्याबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. चौकटीला धरलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"सगळ्या बऱ्या आहेत," मी म्हटलं. त्या चौकट सोडून खाली बसल्या.

डॉक्टर पोतनीसांना मी लगेच फोन लावला. "डॉक्टर, साबण आज येत नाहीत. घाणा बिघडलाय. नव्याने करून पाच आठवड्यांनी पाठवते."

त्या म्हणाल्या, "बरं झालं वेळेवर कळलं. तुमच्या आत्याबाईंनीच पकडलं असणार?"

आत्याबाई माझ्याकडेच बघत होत्या. फोनचा आवाज मोठा होता, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"हो," मी म्हटलं. "त्यांनीच."

दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजला एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण होता, मृदू बोलायचा. बॅटरीच्या उजेडात त्याने बराच वेळ जीभ बघितली. कापूस लावला, टोचून बघितलं, "कळतंय का आजी?" असं तीन-चारदा विचारलं.

"मिश्री लावता? तंबाखू?"

"न्हाई."

"फार गरम खायची सवय?"

"न्हाई."

"मग पुढची जीभ अशी गुळगुळीत का झालीय? भाजून भाजून झाल्यासारखी आहे. काय खाता तरी काय?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "साबण," त्या म्हणाल्या.

तो हसला. आम्ही दोघी हसत नाही हे बघून थांबला. मग मी सगळं सांगितलं.

"दिवसातून किती वेळा?" त्याने विचारलं.

मी मनात मोजायला लागले. घरी घाण्यामागे चार वेळा. पण स्टॉलवर? रविवारी गर्दीला तीस, चाळीस. वर्षाला आठ-दहा प्रदर्शनं, एकेक तीन-चार दिवसांचं, अशी तीन वर्षं. आणि प्रत्येक वेळी आधी माझंच वाक्य. आत्याबाई, एकदा दाखवा की यांना. दमल्या असल्या तरी, तोंडात पाण्याचा घोट घेऊन बसल्या असल्या तरी, मी ते हसत हसत म्हणायची आणि त्या वडी उचलायच्या.

"कापल्यावर दुसऱ्या दिशी बी बघायची मी," आत्याबाई मधेच म्हणाल्या. हे मला माहीत नव्हतं. "ओल्या वड्या. हिला म्हाईत न्हाई."

"ओल्या?" मी जवळजवळ ओरडले. "ओल्यात सोडा जिवंत असतो, आत्याबाई. ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"सांगितलं हुतंस. पर बिघडला असला तर तुला आधीच कळलेलं बरं. पाच आठवडे जीव टांगून कशाला बसायचं? चावायच्या त्या. रोज जरा कमी चावायला लागल्या की समजायचं, घाणा लायनीवर हाय."

डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होता, त्याचा हात थांबला. तपासण्या केल्याशिवाय नक्की कारण सांगता येणार नाही, असं तो म्हणाला. पण जिभेला साबण लावणं आजपासून बंद. चव परत येईल का, असं मी विचारलं. "थोडीफार येईलही. सगळी येईल असं सांगत नाही." त्याने ते आत्याबाईंकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं.

नव्या घाण्याच्या वड्या पाच आठवड्यांनी कोल्हापूरला गेल्या. मी स्वतः जीभ लावली होती, शिवाय मापं दोनदा तपासली होती आणि रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्याही आणल्या होत्या. आता आम्ही पट्ट्याच वापरतो. वेष्टनावरची ती ओळ मी काढून टाकली. आत्याबाईंची खुर्ची मात्र स्टॉलवर शेवटपर्यंत होती. त्या वडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आणि कातडी बघून सांगायच्या, तुला हळदीचा नको, तुला तिळाचा घे. त्यातही कधी चुकल्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. चव त्यांना परत आलीच नाही.

गडहिंग्लजहून आलो त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

दिवेलागणीला मी कशीबशी आमटी-भात केला. डोकं ठिकाणावर नव्हतं. तिघं जेवायला बसलो. यजमानांना सगळं सांगून झालं होतं. ते खाली मान घालून भात कालवत होते. आत्याबाईंनी आमटीचा भुरका मारला आणि म्हणाल्या, "छान झालीया."

यजमानांनी घास घेतला, थांबले, माझ्याकडे बघितलं. मी आमटी बोटावर घेऊन चाटली. मीठ घालायलाच विसरले होते.

"आई," ते म्हणाले, "ह्यात मीठच नाही."

पहिल्यांदा आत्याबाईच हसल्या. मग यजमान, मग मी. दोन दिवसांत पहिल्यांदा त्या घरात कुणी हसत होतं. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी कधी आलं ते कळलं नाही. ते पाच-सहा महिने डोळ्यांपुढे आले, बहिणीला केलेला फोन आठवला. ते सगळं कौतुक रिकाम्या जिभेचं होतं.

"आत्याबाई," मी विचारलं, "चव कळतच नव्हती, तर मग छान छान का म्हणत होतात? लपवायचं म्हणून?"

"थोडं लपवायचं म्हणून," त्या म्हणाल्या. घास तोंडात होता, तो त्यांनी सावकाश गिळला. "आणि थोडं असं, की चव कळत हुती तवा एकदा बी म्हणलं न्हवतं. आता कळंना झाल्यावर वाटलं, म्हणून टाकावं. र्‍हाऊन जायला नको."

यजमानांनी मिठाची वाटी पुढे ओढली आणि तशीच धरून ठेवली.

आत्याबाई ताटाकडे बघत होत्या. "मीठ बरोबर असायचं तुझं," त्या म्हणाल्या. "तवा बी. पयल्या दिवसापास्नं."